बाबा बाहेर बसतील

— नाही हो ताई, रागवू नका त्याला. हट्ट नाहीये तो. मघापासून बघतोय मी, तुमचा छोटा त्या खुर्चीमागे जाऊन चवड्यांवर उभा राहिलाय, पाय एकमेकांत घट्ट अडकवलेत, तोंड लालबुंद — तुम्हाला वाटतंय शी करतोय आणि सांगत नाही. वाटणारच. मलाही दोन वर्षं तेच वाटत होतं. करत नाहीये तो, अडवतोय. उलटंच असतं सगळं. राहू दे, येईल आपला आपण बाहेर, आल्यावर काही विचारू नका म्हणजे झालं. — माफ करा हं, ओळख ना पाळख आणि मी मध्येच तोंड घालतोय. बोलायची सवय नाही मला. बस चालवतो मी, शहराची बस, आणि आमच्या डोक्यावर पाटीच असते, चालकाशी बोलू नये. चौदा वर्षं पाळलं मी ते, आज नेमकं तुमच्या वाट्याला आलंय. बसा ना. ती जागा माझ्या मुलीची आहे, पण ती आत गेलीये. एकटीच गेलीये.

नऊ वर्षांची आहे. एकटी म्हणजे काय, आत डॉक्टरबाई आहेत, नर्स आहेत, एकटी कशी असेल. पण मी नाही ना. ही चौथी खेप आमची. आधीच्या तिन्ही वेळेला मी आत होतो, तिच्या शेजारच्या स्टुलावर. आज नर्सनं नाव पुकारलं, मी उठलो, पिशवी उचलली, तर ही मागे वळून म्हणते — बाबा बाहेर बसतील. मला नाही म्हणाली, नर्सला म्हणाली. जसा काही मी तिथं नव्हतोच. आणि नर्सही म्हणाल्या, बरं. झालं. आता वीस मिनिटं झाली. ते घड्याळ बरोबर आहे ना? पोट तपासायला पाच मिनिटं लागतात, वजन करायला दोन, मला पाठ आहे सगळं. उरलेल्या वेळात काय बोलत असतील? — मी जरा उभाच राहतो, बसवत नाही मला.

सुरुवात ना? सांगतो. डॉक्टरबाईंनीही तेच विचारलं होतं पहिल्या दिवशी, आणि मी म्हटलं, काही विशेष नाही हो, असंच हळूहळू. खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं. सात वर्षांची होती, ताप आला होता आठवडाभर, पाणी पीत नव्हती, खात नव्हती. ताप उतरल्यावर शीला गेली आणि आतून किंचाळली. रक्त आलं थोडं. मला म्हणाली, बाबा, आत काच आहे. मी हसलो. म्हटलं, अगं काच कुठून येणार, काच खाल्लीस का तू? — आता वाटतं, किती नेमकं सांगितलं होतं पोरीनं. ज्या दाराआड काच आहे त्या दारानं पुन्हा कोण जाईल? नाहीच गेली. दोन दिवस, चार दिवस. आणि जितकं थांबवाल तितकं ते आत वाळत जातं, आणखी कडक होतं, आणखी दुखतं, की आणखी थांबवायचं. शाळेत तर प्रश्नच नाही, तिथल्या मुलींच्या संडासाला कडी नाही, एकीनं आत जायचं आणि दुसरीनं बाहेरून दार धरायचं, अशी पद्धत. आणि घरी सकाळी मी. माझी पहिली पाळी, साडेपाचला डेपोत हजेरी, बायकोची त्याच सुमाराला, घरात एक संडास, मी दाराबाहेर किल्ल्या वाजवत उभा — आटप, आटप, आटप. पाच मिनिटं उशीर झाला तर बस दुसऱ्याकडे जाते ना. आणि वर काय सांगायचो माहितीये? बघ माझ्याकडे, सहा-सहा तास धरून ठेवतो मी, ड्रायव्हरची मुलगी ना तू? — अभिमानानं सांगायचो हो. तिनं ऐकलं. माझं एवढं एकच ऐकलं असेल तिनं आयुष्यात.

मग आठ-आठ, दहा-दहा दिवस. आणि जेव्हा व्हायची तेव्हा अशी, की संडास तुंबायचा. नळवाला आला, अर्धा तास खटपट करून घाम पुसत म्हणाला, घरात पैलवान कोण आहे हो? हसलो मी, पोट धरून हसलो. आणि मग तो किस्सा सगळीकडे सांगत सुटलो. डेपोत सांगितला, आत्याकडे सांगितला — आत्या म्हणजे माझी थोरली बहीण, पलीकडच्याच गल्लीत असते — तिच्या घरी सगळे जेवायला बसले होते, सगळ्यांसमोर. पैलवान तिथंच बसली होती ना, पाण्याचा पेला घेऊन. पेला खाली ठेवला आणि उठून गेली. मी म्हटलं, चिडकी आहे, आईवर गेलीये.

नाही, नाही, अजून दार उघडलं नाही. ते शेजारचं उघडलं.

मग डाग सुरू झाले. चड्डीला. आधी थोडे, मग रोज. आता तुम्हीच सांगा, ज्या पोरीला आठ दिवस होत नाही तिच्या चड्डीला रोज डाग कसे? माझं डोकं बस चालवण्याचं, ते म्हणालं, आळशी आहे. जायचा कंटाळा, खेळ सोडवत नाही, म्हणून थोडं-थोडं होऊ देते. आत्या म्हणाली, अरे पोट बिघडलंय, पातळ होतंय बघ, आणि तिनं जुलाब थांबवायची गोळी आणून दिली. तीन दिवस दिली आम्ही. आगीत तेल. आणि बायको? ती मोठ्या इस्पितळात कपडे धुण्याच्या खात्यात आहे, दिवसभर लोकांच्या चादरी, लोकांचे डाग. घरी यायची, मोरीत बसायची, आणि न बोलता या चड्ड्या धुवायची. एकदा मी बघितलं, नळ चालू, हात पाण्यात, आणि बाई रडतेय. मी काय केलं? बाहेर येऊन मुलीला म्हटलं, बघ, तुझ्यामुळे आई रडते.

त्यानंतर चड्ड्या दिसेनाशा झाल्या. मला वाटलं, सुटलो, आलं वळण. बायको म्हणायची, अहो, कमी होतायत, मोजून दहा होत्या, पाच उरल्या, तीन उरल्या. मग एक दिवस घरात वास यायला लागला. सगळं घर पालथं घातलं, उंदीर मेलाय म्हणून कपाट ओढलं. पलंगाखाली, अगदी भिंतीला लावून, माझ्या बुटांचं खोकं होतं. त्यात. एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वर रबर लावलेलं, नीटनेटकी. इतकी नीटनेटकी की — जाऊ दे. बोललो तिला. थोडंफार. जास्त नाही. कोणता बाप नाही बोलणार?

आला बघा बाहेर तुमचा छोटा. काही विचारू नका. हां, असंच. घ्या मांडीवर.

आणि एवढ्या चिमूटभर गोष्टीनं काय-काय जातं तुम्हाला सांगू? मला वाटायचं पोटाचं दुखणं पोटापुरतं. ही पोहायची, ताई. मासोळी नुसती. पोहण्याचे सर म्हणाले होते, पुढच्या वर्षी हिला मोठ्यांच्या गटात घालू. एक दिवस म्हणाली, पाणी गार असतं, मी नाही जाणार. बरं, नको जाऊ. मग डबा परत यायला लागला, जसा नेला तसा. खाल्लं नाही की पोटात काही जायचं नाही, पोटात गेलं नाही की बाहेर यायचं नाही, हा तिचा हिशेब, मला नंतर कळला. हाडं दिसायला लागली आणि पोट मात्र टम्म. वर्गाची सहल निघाली, प्राणी बघायला, तर म्हणे मला प्राणी आवडत नाहीत. रस्त्यातल्या प्रत्येक मांजराला नाव ठेवणारी पोरगी. मैत्रीण होती एक, शेजारच्या इमारतीतली, तिच्याकडे रात्री राहायला बोलावलं होतं, चार मुली मिळून. नाही गेली. मग ती मैत्रीणही यायची थांबली. अभ्यासात पुढे होती, मागे पडली. बाईंनी चिठ्ठी पाठवली, वर्गात लक्ष नसतं. कुठून असेल? सारं लक्ष एकाच ठिकाणी आवळून बसलेलं — आता सुटेल का, आता कळेल का, मागचीला वास येत असेल का. मी सहा तास धरतो म्हणून मिरवत होतो, ही बिचारी चोवीस तास धरत होती.

वासावरून आठवलं — नाही, आठवलं काय, विसरतोय कुठे. सांगू का नको? बघा, आता तोंड उघडलंच आहे. शाळेच्या फाटकाशी एकदा आणायला गेलो होतो तेव्हा पोरं तिला हाक मारत होती, वासू, ए वासू. मला गंमत वाटली. म्हटलं वा, पोरीला मित्रमंडळी आहेत, लाडाचं नाव पडलंय. घरी आल्यावर मीही म्हटलं, वासूताई, हातपाय धुवा. वासू, पाणी आण. सकाळी उठवताना, उठा वासूराव. दीड महिना. ती यायची, पाणी आणून द्यायची. मला कळलं नाही, खरंच कळलं नाही, माझ्या शाळेत एक वासू होता, वासुदेवचा वासू, मी तेच धरून बसलो. त्यांनी वासावरून ठेवलं होतं. जिचा वास येतो ती वासू.

कसं कळलं? तेच तर. बसमध्ये कळलं, माझ्याच बसमध्ये. वर्गाला वस्तुसंग्रहालय दाखवायला नेणार होते, आणि शाळेची गाडी बिघडली म्हणून बाईंनी सगळ्यांना थांब्यावर आणून उभं केलं. मी गाडी लावली, बघतो तर ही. मला काय आनंद. हात केला मी तिला, ती वर चढली आणि माझ्याकडे न बघता आत गेली. अकराची वेळ, गाडी भरलेली, तीस-पस्तीस पोरं, निम्मी उभी, दांड्याला लोंबकळतायत. मला आतला आरसा असतो मोठा, त्यात सगळी गाडी दिसते. ती खिडकीशी बसली होती. आणि तिच्या शेजारची जागा रिकामी होती. भरल्या गाडीत, ताई. पोरं एकमेकांच्या पायांवर उभी होती पण त्या जागेवर बसत नव्हती. एकाला दुसऱ्यानं ढकललं तिकडे, तो शॉक बसल्यासारखा उठला, हात झटकले, नाक धरलं, आणि मग सगळ्यांनी एका सुरात, वासू, वासू, वासू. कंडक्टर हसला. त्याला काय माहीत. मीच डेपोत सांगितलेलं, माझ्या पोरीला वासू म्हणतात. त्याच दिवशी सकाळी मी तिला त्याच नावानं उठवलं होतं.

सात थांबे होते संग्रहालयापर्यंत. चाक सोडता येत नाही, मागे जाता येत नाही. मी ब्रेकवर पाय ठेवला, म्हटलं, लावतो गाडी कडेला, जातो मागे, एकेकाला — आणि तेवढ्यात तिनं आरशात बघितलं. थेट माझ्या डोळ्यांत. आणि मान हलवली. एवढीशीच. नको. नऊ वर्षांची पोर बापाला सांगतेय, नको, चालव तू. चालवली मी. सातही थांबे नीट घेतले, एकही चुकला नाही. उतरताना शेवटी उतरली, आणि ती जिथं बसली होती ती जागा तिनं आधी हातरुमालानं पुसली.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकली आणि इथं आणली. डॉक्टरबाईंनी पोटाला हात लावला, पोटभर दगड असावेत तसं लागत होतं, माझाही हात धरून दाखवलं त्यांनी. मग कागदावर चित्र काढलं, फुगलेली पिशवी, आत जुना कडक गोळा, आणि त्याच्या कडेकडेनं झिरपणारं पातळ पाणी. म्हणाल्या, डाग म्हणजे हे. पिशवी इतकी ताणलीये की तिला आतून इशाराच होत नाही. तिला कळतच नाही कधी सुटलं ते. — कळतच नाही. मी दोन वर्षं विचारत होतो, कळत नाही का तुला? ती म्हणायची, नाही कळत. आणि मी म्हणायचो, खोटं बोलतेस.

मग त्यांनी औषध दिलं, पूड असते, पाण्यातून घ्यायची. आधी खूप, सगळं मोकळं होईपर्यंत, आणि मग रोज थोडी, कितीतरी महिने. जेवण झालं की दहा मिनिटं बसायचं, पायाखाली पाट. होवो न होवो, बसायचं, आणि घाई करायची नाही. हे सगळं लिहून झाल्यावर पेन खाली ठेवून त्यांनी सहज विचारलं, आणि घरी कोणी रागावतं का गं तुला यावरून? — मी स्टुलावर, ती टेबलावर पाय सोडून बसलेली. माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, नाही. कोणी नाही. दुसऱ्या खेपेला पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. तिसऱ्या खेपेला त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि काहीच विचारलं नाही.

कारण — तुम्ही मघाशी विचारलं नाहीत, पण मी म्हटलं ना, थोडं बोललो. खोक्याच्या वेळी. नुसतं बोललो नाही मी. रविवार होता, आत्या आली होती, तिची दोन मुलं आली होती. मी ते खोकं बैठकीच्या खोलीत आणलं, रबरं काढली, आणि एकेक उलगडून जमिनीवर मांडली. ओळीनं. तिला समोर उभं केलं. म्हटलं, मोज. मोठ्यानं मोज. आत्या म्हणाली, अरे पुरे. बायको आतून आली, तिनं माझा हात धरला, मी झटकला. तिनं मोजल्या. चार म्हणाली आणि थांबली, मी म्हटलं, पुढे. सातपर्यंत मोजायला लावल्या. आवाज चढवला नव्हता मी, हातही उगारला नव्हता. लोक म्हणतात ना, मी कधी मुलांवर हात टाकला नाही, तसं मीही म्हणतो. मोजून झाल्यावर तिनं सगळ्या परत वर्तमानपत्रात गुंडाळल्या. कोणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही असं बघू नका. बघा, बघा, हक्कच आहे तुमचा. बायकोखेरीज हे कोणाला माहीत नाही, म्हणजे त्या खोलीत होते त्यांना सोडून. आणि आता आत ती सांगत असेल. नाहीतर बाबा बाहेर बसतील कशाला म्हणेल? पंचवीस मिनिटं झाली. आल्यापासून मी हेच घोकतोय, सांगू नकोस, सांगू नकोस — आणि मग वाटतं, सांग बाई. एकदाचं सांगून टाक. ते तरी किती दिवस आत धरून ठेवशील. मी काही माफी वगैरे मागितली नाही अजून. कशी मागतात? वासू म्हणायचं थांबवलं, किल्ल्या वाजवायचं थांबवलं, पाळी बदलून दुपारची घेतली, रोज जेवणानंतर त्या दाराबाहेर जमिनीवर बसतो, ती आतून पाढे म्हणते, मी बाहेरून म्हणतो. आता एक दिवसाआड होतंय. गेल्या महिन्यात दोनदाच डाग पडले, आणि दोन्ही वेळा तिनं स्वतः येऊन आईला सांगितलं. आईला. मला नाही. सोमवारपासून पोहायला जाते म्हणाली, तेही आईलाच.

म्हणून म्हणतोय, छोट्याला — थांबा. दार वाजलं.

आलीस? ये. … काय म्हणाल्या डॉक्टरबाई? … हो? कमी केली पूड? … आणि? … बरं. … सगळं सांगितलंस? … खोक्याचंसुद्धा? … नाही, रागावलो नाही. रडतही नाहीये, कुठे रडतोय. बरं केलंस. चांगलं केलंस तू. मी — घरी बोलू आपण, मला बोलायचंय तुझ्याशी. … आत्ता? इथं? … अगं म्हणजे जा की, विचारतेस काय. ते डावीकडचं दार. आण, दप्तर दे माझ्याकडे. कडी आहे, मी बघितलीये मघाशी. … सावकाश. कितीही वेळ लागू दे.

तुमचा नंबर पुकारतायत, ताई. जा तुम्ही, छोट्याला घ्या, जा. मी आता बोलत नाही. ती आत बसलीये, बाहेर कोणाला घाई आहे असं वाटायला नको तिला.